प्रश्न सरकारचा, उत्तर कोणाचे?



वसंत व्याख्यानमालेला विद्वान वक्ते बोलवावेत अशी आपल्याकडची रीत आहे. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. पुढचे जे काही झाले ते खदानीवरच्या मजुरांच्या संघटनेत, कचेऱ्यांच्या बाकांवर बसून आणि सरकारी कागद पुन्हा पुन्हा वाचून झाले. म्हणून विषय निवडण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा आम्ही साहित्याच्या किंवा अध्यात्माच्या वाटेला गेलो नाही. आमच्या रोजच्या कामातला एक रुक्ष विषय आज आपणांपुढे मांडणार आहोत. खाणीची परवानगी मागणारा अर्ज सरकारदरबारी जातो. सरकारचे तज्ज्ञ त्यावर प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांना उत्तर कसे द्यावे, कोणी द्यावे आणि ते खरे की खोटे हे कोणी पाहावे, एवढाच हा विषय आहे.

आपण म्हणाल, आम्हांला कुठे खाण काढायची आहे? काढायची नसेल, पण आपल्या प्रत्येकाच्या घराखाली खाणीतली गिट्टी आहे. हिंगोली जिल्हा काळ्या पत्थराच्या प्रदेशात बसलेला आहे. इथे सोने नाही, कोळसा नाही. आहे तो दगड, मुरूम आणि नद्यांतली वाळू. सरकारी भाषेत याला गौण खनिज म्हणतात. नाव गौण, पण त्याच्यावाचून ना रस्ता होतो, ना शाळा, ना विहिरीचे कडे. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की आम्ही खाणीच्या विरुद्ध बोलायला उभे नाही. ज्यांची भाकरी खदानीवर आहे त्यांच्यातच आमची उमर गेली. खदान चालावी, पण खऱ्या कागदावर चालावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता हे प्रश्न विचारण्याची रीत आली कोठून, ते थोडक्यात पाहू. केंद्र सरकारने १४ सप्टेंबर २००६ रोजी एक अधिसूचना काढली. ठरावीक प्रकारचे उद्योग सुरू होण्याआधी पर्यावरणावर त्यांचा काय परिणाम होईल हे तपासून परवानगी घ्यावी, असा तिचा आशय. त्या वेळी ५ हेक्टरांहून लहान खाणी या जाळ्यातून सुटल्या. मग शहाण्यांनी काय केले? मोठ्या क्षेत्राचे तुकडे पाडले. साडेचार हेक्टरांचा एक पट्टा या नावावर, शेजारचा साडेचार हेक्टरांचा त्या नावावर. डोंगर एकच, यंत्रे तीच, वाहने तीच. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार खटल्यात ही पळवाट अडवली आणि ५ हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही परवानगी घ्यावी लागेल असे सांगितले.

पुढे १५ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने लहान खाणींसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणे नेमली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने १३ सप्टेंबर २०१८ च्या निकालात त्या व्यवस्थेतल्या सवलती मान्य केल्या नाहीत, आणि ५ हेक्टरांवरच्या क्षेत्राला अभ्यास-अहवाल व जनसुनावणी यांतून सूट नको असे म्हटले. तेव्हापासून आपल्याकडच्या दगडाच्या खदानीचा अर्जही मुंबईला राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे जातो. जातो म्हणजे संगणकावरून जातो. 'परिवेश' नावाचे सरकारी संकेतस्थळ २०१८ पासून आहे. अर्ज तिथे भरायचा, प्रश्न तिथेच येतात आणि उत्तरेही तिथेच द्यायची.

आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अर्जाला दरखास्त हा शब्द होता. दरखास्त साहेबाच्या टेबलावर गेली की तिचे काय झाले ते साहेबालाच ठाऊक. आजचा अर्ज तसा नाही. मुंबईची तज्ज्ञ समिती काय विचारते आणि अर्जदार काय लिहितो, हे गोरेगावात बसून वाचता येते. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि आपण तिचा उपयोग जवळजवळ करीत नाही.

आता ते प्रश्न कसे असतात ते पाहू.

पहिला प्रश्न बहुधा असा असतो: तुमच्या पट्ट्याच्या सीमेपासून ५०० मीटरांच्या आत आणखी किती खाणी आहेत? वरवर किरकोळ वाटतो. पण तुकडे पाडण्याची जी हकीकत सांगितली तिच्यावरचाच हा उतारा आहे. ५०० मीटरांच्या आतल्या एकाच खनिजाच्या खाणींचे क्षेत्र एकत्र मोजतात आणि बेरीज ५ हेक्टरांपुढे गेली की अहवाल आणि जनसुनावणी यांचा प्रश्न उभा राहतो. म्हणजे या एका आकड्यावर गावाला बोलायला मिळणार की नाही हे ठरते. शेजारची खदान बंद आहे की चालू आहे, हे गावातले गुराखी पोरही सांगू शकते. मुंबईच्या समितीला मात्र कागदावर जे येईल तेच दिसते.

दुसरा प्रश्न उत्पादनाचा आणि खोलीचा. इथे थोडे गणित करावे लागेल. आपण कंटाळू नये. समजा, २ हेक्टरांचा पट्टा आहे आणि अर्जात वर्षाला १२,००० ब्रास दगड काढू असे लिहिले आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. तेव्हा वर्षाला सुमारे ३४,००० आणि ५ वर्षांत १,७०,००० घनमीटर गिट्टी झाली. फोडलेला दगड फुगतो. अखंड खडक त्याच्या दोन तृतीयांश धरला तरी १,१३,००० घनमीटर खडक जमिनीतून निघाला. दोन हेक्टर म्हणजे २०,००० चौरस मीटर. कडेची सोडायची जागा वजा जाता १५,००० उरले असे धरा. भागाकार करा, खड्डा साडेसात मीटर खोल जातो, आणि पायऱ्यांना जागा सोडली की तळ आणखी खाली जातो. आता त्याच अर्जात दुसऱ्या पानावर 'कमाल खोली ५ मीटर' असे लिहिले असेल, तर दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत. एक तर दगड जास्त निघणार आहे, नाही तर खड्डा.

खोलीला एवढे महत्त्व का? कारण खोलीखाली माणूस उभा असतो. १९६१ च्या खाणनियमांनी उघड्या खाणीसाठी माप घालून दिले आहे: कठीण खडकात पायरीची उंची ६ मीटरांहून जास्त नको आणि रुंदी उंचीहून कमी नको, मुरूम-मातीत तर उंची दीड मीटरच. पायऱ्या न ठेवता भिंत सरळ तासत नेली की पावसाळ्यात ती केव्हा खाली येईल याचा नेम नाही. अर्जातला खोलीचा आकडा खाली तळाशी भोके पाडणाऱ्या मजुराच्या डोक्यावरचा दगड असतो, हे ध्यानात घ्या.

तिसरा प्रश्न वाहतुकीचा. तेच १२,००० ब्रास घ्या. वर्षाचे ३०० दिवस काम धरले तर दिवसाला ४० ब्रास. एका हायवात ४ ब्रास धरले तर १० फेऱ्या भरून जाणाऱ्या आणि १० रिकाम्या येणाऱ्या. दहा तासांच्या दिवसात दर अर्ध्या तासाला एक हायवा गावच्या रस्त्यावरून जाणार. हा रस्ता किती रुंद आहे? शाळा कोणत्या बाजूला आहे? उत्तरात बहुधा असे असते: 'विद्यमान रस्ता वाहतुकीस पुरेसा आहे.' कोणाला पुरेसा? हायवाला की शाळेत जाणाऱ्या मुलीला?

चौथा प्रश्न पाण्याचा. धूळ दाबण्यासाठी पाणी शिंपडू, असे प्रत्येक अर्जात असते. दिवसाला ५,००० लिटरांचे दोनच टँकर धरले तरी १०,००० लिटर झाले. कयाधू सेनगाव, हिंगोली, कळमनुरी तालुक्यांतून पैनगंगेकडे जाते खरी. पण वैशाखात तिच्या पात्रात काय असते ते आपणांस ठाऊक आहे. ज्या महिन्यात धूळ सर्वांत जास्त, त्याच महिन्यात पाणी सर्वांत कमी. तेव्हा 'पाणी शिंपडण्यात येईल' हे उत्तर पुरे नाही. कोणत्या विहिरीचे, कोणाच्या संमतीने आणि ती आटल्यावर कुठले, हे लिहिले तर ते उत्तर.

पाचवा प्रश्न सुरुंगाचा, आणि आपल्या जिल्ह्यापुरता हा फार नाजूक आहे. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येतात हे आपण वर्षानुवर्षे ऐकतो. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ या दोन्ही दिवशी सकाळी जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले. आता भिंतीला तडा गेला तर तो भूकंपाने गेला की सुरुंगाने? खदानवाला म्हणणार भूकंपाने, घरवाला म्हणणार सुरुंगाने, आणि पुरावा दोघांपाशीही नाही. यावर उपाय एकच. पहिला सुरुंग उडण्याआधी जवळच्या प्रत्येक घराची पाहणी करावी, असलेले तडे मोजून, छायाचित्र काढून, तारीख घालून नोंदवावेत आणि त्याची एक प्रत घरवाल्याला द्यावी. प्रामाणिक खदानवाल्याचेही यात रक्षण आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी मंजुरी दिली. जमिनीचा अतिसूक्ष्म कंपही तिथे मोजावा लागतो. शास्त्रज्ञांच्या यंत्रासाठी कंपाचा हिशेब होतो, तर गरिबाच्या मातीच्या भिंतीसाठीही तो व्हावा, यात अवाजवी काय आहे?

सहावा प्रश्न कामगारांचा. हा सर्वांत शेवटी विचारतात आणि याचे उत्तर सर्वांत आखूड असते. एका खदानीच्या कागदात आम्ही वाचले: 'कामगार १२. पिण्याच्या पाण्याची व्यवस्था आहे.' आम्ही तिथे गेलो. मुकादमाने आणलेली माणसे धरून चाळीसांवर माणूस कामाला होता, आणि पाण्याची व्यवस्था म्हणजे एके काळी तेल भरलेले एक पिंप. त्या खदानीचे नाव इथे घेण्याचे कारण नाही. नाव बदलले तरी हकीकत पुष्कळ ठिकाणी तीच निघेल. आकडा १२ लिहिला की तोंडाला बांधायच्या पट्ट्या १२, वैद्यकीय तपासण्या १२ आणि अपघात झाला तर भरपाईचे हक्कदारही १२. बाकीचे अठ्ठावीस कागदावर जन्मालाच आलेले नाहीत. त्यांतले बहुतेक पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारे. आपला काळा पत्थर वालुकाश्माइतका सिलिकायुक्त नाही, हे खरे. म्हणून त्याची धूळ औषधी ठरत नाही. कोरड्या भोकातून उडालेली भुकटी वर्षानुवर्षे छातीत गेली की माणूस चढण चढेनासा होतो. भोक पाडताना पाणी सोडणार का, क्रशरला झाकण घालणार का, कामावर घेताना आणि पुढे ठरावीक काळाने छातीची तपासणी कोण करणार, हे प्रश्न विचारले पाहिजेत आणि उत्तरात डॉक्टर व तारीख आली पाहिजे.

एकंदरीत उत्तरे तीन प्रकारची असतात. पहिले गुळगुळीत उत्तर: 'योग्य ती काळजी घेण्यात येईल.' याच्यावर उद्या बोट ठेवता येत नाही. दुसरे उसने उत्तर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या पर्यावरण अहवालात रशियातल्या बॉक्साइट खाणीच्या अहवालातला मजकूर उतरवलेला सापडला. हा प्रकार २००७ च्या सुमारास गाजला. कोकणच्या त्या अहवालात स्प्रूस आणि बर्च ही हिमप्रदेशातली झाडे उगवली होती! कागदी घोडे आपण पाहिले आहेत. ही कागदी झाडे. आणि तिसरे मोजता येणारे उत्तर: आकडा, जागा, तारीख आणि जबाबदार माणूस. खरे उत्तर ओळखण्याची आमची कसोटी साधी आहे. ते वाचून खदानीच्या काठावर उभा राहिलेला अडाणी माणूस टेप लावून तपासू शकला पाहिजे. परवानगी त्या उत्तराच्या भरवशावर मिळते. म्हणून ते उत्तर म्हणजे गावाला दिलेला शब्द आहे.

उत्तर देण्याचे ओझे फक्त अर्जदारावर नाही. गोव्यातल्या रिवण गावच्या खाणीचे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापुढे गेले होते. २६ नोव्हेंबर २००९ च्या निकालात मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती मुरलीधर यांनी सांगितले की जनसुनावणीत लोकांनी घेतलेल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीने खरोखर विचार केला पाहिजे, आणि त्या का मान्य किंवा अमान्य केल्या याची कारणे दिली पाहिजेत. शहासाहेब मूळचे सोलापूरचे. गावातल्या बाईने सभेत उभे राहून 'माझ्या झऱ्याचे काय?' असे विचारले, तर त्याला कारणासह उत्तर मिळाले पाहिजे, असा त्या निकालाचा अर्थ आम्ही आमच्या मजुरांना सांगतो.

उत्तर कच्चे राहिले तर काय होते, ते सिंधुदुर्गातल्या कळण्याच्या लोकांना विचारावे. दोडामार्ग तालुक्यातल्या या गावाने लोहखनिजाच्या खाणीला २००८ साली सुनावणीतच विरोध केला होता. खाण झाली. जुलै २०२१ च्या पावसात खाणीत साठलेले पाणी कडा फोडून बाहेर पडले आणि चिखल घेऊन घराबागांत शिरले. पाणी कुठे साठेल आणि कुठून फुटेल, हा प्रश्न कागदावर सोपा असतो.

आता आमच्याच लोकांची एक तक्रार आहे, ती लपवून चालणार नाही. आमचे मजूर आम्हांला विचारतात, 'दादा, तुम्ही असे प्रश्न काढत बसलात तर परवानगी लांबते. तेवढे दिवस आमची चूल कशी पेटायची?' हा प्रश्न मुंबईच्या समितीच्या सगळ्या प्रश्नांहून अवघड आहे. दोन महिने हजेरी बुडाली तर काय होते ते आम्ही त्यांच्या घरात बसून पाहिले आहे. त्यांना आम्ही गोव्याची गोष्ट सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली आणि १६ मार्च २०१८ पासून त्या खाणी थांबल्या. नूतनीकरण कायद्याला धरून नव्हते, नव्याने पर्यावरण परवानग्या घेतलेल्या नव्हत्या. कागद तयार करताना कोणी मजुराला विचारले नव्हते. पण खाण थांबली तेव्हा पहिली हजेरी मजुराची गेली, ट्रकवाल्याचा हप्ता थकला, टपरीवाल्याने टपरी मोडली. धन्याजवळ बसून खायला होते. खोट्या कागदावरची नोकरी दरडीखाली बांधलेल्या झोपडीसारखी असते. आज सावली देते एवढेच. म्हणून परवानगी दोन महिने उशिरा मिळाली तरी ती टिकणारी असावी, आणि त्या दोन महिन्यांची झळ एकट्या मजुराने सोसू नये, असा आमचा आग्रह आहे. अर्ज वेळेवर आणि पुरा भरणे हे धन्याचे काम आहे. त्याच्या अपुऱ्या कागदामुळे काम थांबले तर त्या दिवसांची मजुरी त्यानेच द्यावी, ही मागणी आम्ही करतो आणि पुढेही करीत राहू.

मग आपण नगरजनांनी काय करावे? मोर्चाच काढला पाहिजे असे नाही. पुढच्या खदानीचा अर्ज येईल तेव्हा गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने तो संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा, आणि ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावा. नसेल मिळत तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. ना-हरकतीचा ठराव करण्याआधी सहा गोष्टी विचाराव्यात: शेजारच्या खाणी, खोली, रस्ता, पाणी, सुरुंग आणि कामगार. चैत्रात आणि दिवाळीनंतर विहिरींची पातळी दोरीने मोजून वहीत लिहून ठेवावी. परवानगी मिळाली की अर्जदाराने ती दोन स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर करायची असते. ग्रामपंचायतीला प्रत द्यायची असते. अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यायचा असतो. तो अहवाल काढून वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहावा. परवानगीच चुकीची वाटली तर हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते; पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात. आणि या सगळ्यात खदानीवरच्या मजुराला शत्रू समजू नये. आत काय चालते ते त्याच्याइतके कोणाला ठाऊक नाही. तो बोलत नाही, कारण त्याला भीती आहे. गाव पाठीशी उभे राहील अशी खात्री पटली तर तो बोलेल.

सरकारने प्रश्न विचारला म्हणजे आपले काम संपले, असा आपला समज आहे. खरे म्हणजे तिथून ते सुरू होते. मुंबईत बसलेल्या समितीपाशी ज्ञान आहे, पण तिला आपली विहीर दिसत नाही. अर्जदाराला विहीर दिसते, पण त्याला घाई आहे. विहिरीचे पाणी रोज भरणारी बाई आणि दगड रोज फोडणारा माणूस यांनी त्या उत्तरावर नजर ठेवली, तरच त्या उत्तराला वजन येईल.